ऐंशी डॉलरचा दात

रविवार, २५ फेब्रुवारी २००७. डेमॉन्टे ड्रायव्हर, वय १२, इयत्ता सातवी, सकाळी रुग्णालयात मरण पावला. दाताच्या मुळाशी झालेल्या गळवातले जंतू त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचले होते. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेसह दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सहा आठवड्यांहून जास्त काळ तो रुग्णालयात होता.

तो दात वेळेवर काढला असता तर सुमारे ८० डॉलर लागले असते. उपचारांचा खर्च अडीच लाख डॉलरच्या वर जाईल, असा अंदाज त्याच आठवड्यात छापून आला.

'वॉशिंग्टन पोस्ट'च्या वार्ताहर मेरी ऑटो यांनी २८ फेब्रुवारीला ही बातमी दिली. मे महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या. त्यांतून तारखा जुळवता येतात. खाली त्या ओळीने दिल्या आहेत, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या रविवारला किती दिवस उरले होते तेही लिहिलं आहे. तो आकडा तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता.

ठिकाण

डेमॉन्टेच्या गावाबरोबर इथे आणखी एक गाव येतं, कारण शेवटच्या सूचना तिथल्या घरांसाठी आहेत. वॉशिंग्टन शहराच्या वायव्येला, व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत अ‍ॅशबर्न आहे. शहराच्या आग्नेयेला, मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत क्लिंटन आहे. सरळ रेषेत दोन्हींमध्ये साठेक किलोमीटर. मधे पोटोमॅक नदी आणि कॅपिटॉलची इमारत.

घरटी उत्पन्नात लाउडन काउंटी अमेरिकेत अगदी वरच्या जागी असते. अ‍ॅशबर्नमध्ये डेटा सेंटरच्या रांगा आहेत, डलेस विमानतळ जवळ आहे, आणि आयटीत काम करणारी भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यांत मराठी घरंही आहेत. यांतल्या बहुतेकांना कंपनीकडून दातांचा विमा मिळतो.

डेमॉन्टे क्लिंटनचा. त्याच्या आईला विमा नव्हता. मुलांना अधूनमधून मेडिकेड मिळत असे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. या योजनेतल्या मुलांना दातांचे उपचार मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

२००५ साली मेरीलँडमध्ये मेडिकेडवरच्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून कमी मुलांना दातांची कोणतीही सेवा मिळाली. नदीच्या अलीकडे, अ‍ॅशबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हर्जिनियात, हे प्रमाण २४.३ टक्के होतं. चार मुलांमागे एक.

दाताचं वेळापत्रक

कीड इनॅमल पोखरते तेव्हा दुखत नाही. या टप्प्याला महिने लागतात, कधी वर्षं. या काळात दात भरून घेतला तर काम एका भेटीत संपतं.

कीड आतल्या थरात शिरली की थंड पाणी झोंबतं, गोड लागलं की कळ येते. हा पहिला इशारा. तो काही सेकंद टिकतो म्हणून मनावर घेतला जात नाही.

त्यानंतर कीड दाताच्या गाभ्यापर्यंत जाते. तिथे नस आणि रक्तवाहिन्या असतात. आता ठणका सुरू होतो. आडवं झालं की वाढतो, रात्री झोपू देत नाही. हा दुसरा इशारा. घरात लवंगेचं तेल निघतं, कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या होतात, वेदनाशामक गोळी घेतली जाते.

मग एखाद्या दिवशी दुखणं थांबतं. नस मेलेली असते. बरं वाटतंय म्हणून डॉक्टरकडे जाणं पुढे ढकललं जातं. जंतू जिवंत असतात आणि मुळाच्या टोकाशी पू साठत असतो.

पू वाट शोधतो. बऱ्याचदा तो हिरडीवर पुटकुळी होऊन बाहेर पडतो. काही वेळा गाल सुजतो. खालच्या दाढांमधून तो जिभेखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रीड्रिश फॉन लुडविग यांनी १८३६ साली या प्रकाराचं वर्णन केलं. त्यात तोंडाचा तळ सुजतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. वरच्या दातांची मुळं सायनसच्या पोकळीला लागून असतात. तिथून संसर्ग क्वचित कवटीच्या आत जातो.

क्वचित घडतं ते डेमॉन्टेच्या बाबतीत घडलं.

२००६ च्या आधी

आईला पाच मुलगे. तिने बेकरीत काम केलं, बांधकामावर केलं, घरी जाऊन रुग्णांची देखभाल केली. यांतल्या एकाही नोकरीत आरोग्य विमा नव्हता.

डेमॉन्टेच्या धाकट्या भावाचे दात आधी बिघडले. एका दंतवैद्याने उपचार सुरू केले आणि मधेच थांबवले. मुलगा खुर्चीत फार चुळबुळ करतो, हे कारण होतं. त्यानंतर दुसरा डॉक्टर सापडला नाही.

मेरीलँडमध्ये तेव्हा सुमारे ५,५०० दंतवैद्य होते. मेडिकेडचे रुग्ण घेणारे साधारण ९००. सरकारकडून मिळणारा मोबदला कमी, कागदपत्रं जास्त, आणि ठरलेल्या वेळेला रुग्ण येईल याची खात्री नाही, ही दंतवैद्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य होतं. त्या तक्रारीचा भार मात्र रुग्णांवर पडत होता.

२००६

कुटुंबाचं घर सुटलं. काही काळ ते अ‍ॅडेल्फी इथल्या बेघरांच्या निवाऱ्यात राहिले. तिथून तीन मुलगे क्लिंटनला आजी-आजोबांकडे गेले. दोन बेडरूमचं फिरतं घर.

पत्ता बदलला. सरकारी नोंदीत निवाऱ्याचाच पत्ता राहिला असावा, असं आईला पुढे वाटलं. त्या वेळी ती बाब किरकोळ होती.

सप्टेंबर २००६. पाच महिने बाकी

धाकट्या भावाच्या अनेक दातांना गळवं झाली. तो दहा वर्षांचा. आईने विम्याच्या चौकशीसाठी फोन करायला सुरुवात केली. उत्तरं मिळेनात.

तिने लॉरी नॉरिस यांची मदत मागितली. नॉरिस बाल्टिमोरच्या पब्लिक जस्टिस सेंटरमध्ये वकील होत्या आणि बेघर कुटुंबांसाठी काम करत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन डझनांहून जास्त फोन केले. त्यानंतर कुठे एक अधिकारी आणि एक सरकारी पर्यवेक्षक परिचारिका भेटली, आणि दंतवैद्याचं नाव मिळालं.

नॉरिस यांनी पुढे साक्षीत याचा हिशेब मांडला. मेडिकेड असलेल्या एका मुलाची एक अपॉइंटमेंट मिळवायला एक आई, एक वकील, हेल्पलाइनची एक पर्यवेक्षक आणि आरोग्यसेवेतले तीन केस मॅनेजर लागले.

या सगळ्या धडपडीच्या केंद्रस्थानी धाकटा होता. त्याचे सहा दात किडले होते आणि आईचं लक्ष त्याच्याकडे लागलं होतं. डेमॉन्टेचाही एक दात खराब होता. त्याच्याकडे लक्ष गेलं तेव्हा उशीर झालेला होता.

५ ऑक्टोबर २००६, गुरुवार. १४३ दिवस बाकी

धाकट्याला दंतवैद्याने तपासलं. दात साफ केले, एक्स-रे काढला, आणि तोंडाच्या शल्यचिकित्सकाकडे जायला सांगितलं.

शल्यचिकित्सकाकडची पहिली मोकळी तारीख २१ नोव्हेंबर होती. तीही फक्त सल्ल्यासाठी.

४७ दिवस. तोंडात गळवं असलेल्या मुलाला ही तारीख मिळाली आणि आईने ती घेतली, कारण दुसरी नव्हती.

२१ नोव्हेंबर २००६, मंगळवार. ९६ दिवस बाकी

धाकट्याचे सहा दात काढावे लागतील असं आईला कळलं. सर्वांत लवकरची तारीख १६ जानेवारी.

आणखी ५६ दिवस. आईने तीही घेतली.

डिसेंबर २००६. सुमारे ८० दिवस बाकी

मुलांचं मेडिकेड बंद झालं. पात्रता पुन्हा सिद्ध करण्यासाठीचे कागद टपालाने पाठवले जातात. ते भरून परत गेले नाहीत तर नाव यादीतून निघतं. कागद अ‍ॅडेल्फीच्या निवाऱ्याच्या पत्त्यावर गेले असावेत, असा आईचा अंदाज होता. कुटुंब तिथे राहत नव्हतं.

महिनाभर घरात कुणालाही काही कळलं नाही.

८ जानेवारी २००७, सोमवार. ४८ दिवस बाकी

विमा महिन्यापूर्वीच संपल्याचं आईला कळलं. आठ दिवसांनी होणारी धाकट्याची दात काढण्याची वेळ तिला रद्द करावी लागली.

पहिली तपासणी होऊन ९५ दिवस झाले होते. सहापैकी एकही दात निघाला नव्हता. रांग पुन्हा पहिल्यापासून लावायची होती.

११ जानेवारी २००७, गुरुवार. ४५ दिवस बाकी

डेमॉन्टे शाळेतून घरी आला. डोकं दुखतंय म्हणाला.

त्याला दक्षिण मेरीलँडमधल्या रुग्णालयात नेलं. आईने सांगितल्याप्रमाणे तिथे तीन गोष्टींवर औषधं मिळाली: डोकेदुखी, सायनसचा दाह आणि दाताचं गळू.

म्हणजे दाताचं नाव त्या दिवशी निघालं होतं.

रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागात सहसा दंतवैद्य नसतो. तिथे प्रतिजैविक मिळतं, वेदनाशामक मिळतं, आणि दंतवैद्याला दाखवा असा सल्ला मिळतो. ज्या दातातून जंतू येत आहेत तो तसाच राहतो. पुवाला वाट करून दिली नाही आणि मूळ काढलं नाही, तर गोळ्यांनी मिळतो तो थोडा अवधी.

त्या गुरुवारी दंतवैद्याला दाखवायचं म्हटलं तरी विमा नव्हता.

१२ जानेवारी २००७, शुक्रवार. ४४ दिवस बाकी

डेमॉन्टेची तब्येत आणखी बिघडली.

यानंतर सगळं वेगाने घडलं. त्याला तातडीने वॉशिंग्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये नेण्यात आलं. मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याला झटके येऊ लागले. दुसरी शस्त्रक्रिया झाली.

तो दातही काढला.

काही दिवसांपूर्वीपर्यंत ज्या कुटुंबाला दात काढायला दंतवैद्य मिळत नव्हता, त्याच्यासाठी आता न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग उभा होता. इथे कुणी तारीख दिली नाही. मेंदूच्या बाबतीत थांबता येत नाही हे सगळ्यांना मान्य असतं. जंतूंना मात्र दात आणि मेंदू वेगळे नसतात.

१६ जानेवारी २००७, मंगळवार. ४० दिवस बाकी

धाकट्याचे दात काढण्याची मूळ तारीख. ती रद्द झालेली होती. थोरला भाऊ रुग्णालयात होता.

जानेवारीची अखेर. सुमारे चार आठवडे बाकी

चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये दोन आठवड्यांहून जास्त काळ काढल्यावर डेमॉन्टेला दुसऱ्या रुग्णालयात हलवलं. तिथे आणखी सहा आठवड्यांचे उपचार ठरले होते: औषधं, फिजिओथेरपी, रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठीचा सराव.

तो सावकाश सुधारत होता. गणितं सोडवत होता. भाऊ भेटायला येत. लार्गोच्या फाउंडेशन स्कूलमधले त्याचे शिक्षक येत.

२४ फेब्रुवारी २००७, शनिवार. १ दिवस बाकी

डेमॉन्टेने जेवायला नकार दिला. एरवी तो आनंदात दिसत होता, असं आईने सांगितलं. दोघं पत्ते खेळले. त्याच्या पलंगावर शेजारी पडून दोघांनी टीव्ही पाहिला.

संध्याकाळी आई घरी गेली. त्यानंतर त्याने तिला फोन केला. झोपण्याआधी प्रार्थना कर, असं त्याने सांगितलं.

२५ फेब्रुवारी २००७, रविवार. सकाळी ६ च्या सुमारास

आईचा फोन वाजला. पलीकडे मुलाची आजी होती. डेमॉन्टे प्रतिसाद देत नव्हता.

आई रुग्णालयात पोहोचली तेव्हा तो गेला होता.

२ मे २००७. ६६ दिवसांनंतर

काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीची सुनावणी. अध्यक्ष डेनिस कुसिनिच. मेरीलँडचे प्रतिनिधी एलायजा कमिंग्ज यांनी हा विषय लावून धरला होता.

कुटुंबाच्या विमा योजनेकडे दंतवैद्यांची यादी होती. उपसमितीच्या कर्मचाऱ्यांनी त्या काउंटीतल्या यादीतल्या २४ दंतवैद्यांना फोन केले. २३ ठिकाणी एक तर फोन बंद होता, नाही तर नंबर चुकीचा होता, नाही तर तो दंतवैद्य मेडिकेडचे रुग्ण घेत नव्हता. चोविसावा रुग्ण घ्यायला तयार होता, पण फक्त शस्त्रक्रियेसाठी.

कागदावर सेवा उपलब्ध होती. त्या यादीवर विसंबून कुणी २४ फोन केले असते तरी डेमॉन्टेच्या साध्या तपासणीसाठी एकही खुर्ची मिळाली नसती.

२००७ ते २०११

मेरीलँडच्या आरोग्य विभागाने २००७ मध्येच कृती समिती नेमली. जुलै २००९ पासून राज्याने मेडिकेडची दंतसेवा एकाच व्यवस्थापनाखाली आणली. ४ फेब्रुवारी २००९ ला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी मुलांच्या आरोग्य विमा योजनेच्या कायद्यावर सही केली. त्या योजनेतल्या मुलांना दातांचे उपचार देणं राज्यांना बंधनकारक झालं. २०१० मध्ये डेमॉन्टेच्या नावाने दातांचा फिरता दवाखाना प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या शाळांकडे जाऊ लागला.

मोठ्यांचा प्रश्न उरला. ऑगस्ट २०११ मध्ये ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत २४ वर्षांचा एक तरुण बाप अक्कलदाढेच्या संसर्गाने गेला. नोकरी नव्हती, विमा नव्हता. इमर्जन्सी विभागाने दोन औषधं लिहून दिली होती, प्रतिजैविक आणि वेदनाशामक. पैसे एकालाच पुरले. त्याने वेदनाशामक घेतलं. दुखणं असह्य असताना बहुतेक माणसं तेच घेतील. संसर्ग मेंदूत गेला.

व्हर्जिनियाने मेडिकेडवरच्या प्रौढांना दातांचे सर्वसाधारण उपचार द्यायला सुरुवात केली ती १ जुलै २०२१ रोजी.

अ‍ॅशबर्न, आज

विमा असलेल्या घरातही वाट पाहण्याची कारणं सापडतात. कंपनीच्या दातांच्या विम्याला वर्षाची मर्यादा असते, बहुधा एक ते दोन हजार डॉलर. रूट कॅनॉल आणि वरची कॅप एवढ्यातच ती संपू शकते. म्हणून जानेवारीपर्यंत थांबायचं ठरतं. किंवा डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जायचंच आहे, तिथे आपल्या डॉक्टरांकडे करून घेऊ, असं ठरतं. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात दातांचा समावेश नसतो, किंवा नावापुरता असतो. सासऱ्यांची दाढ ठणकते. मुलावर खर्च नको म्हणून ते सांगत नाहीत. त्यांना मधुमेह असतो, आणि रक्तातली साखर जास्त असेल तर संसर्ग लवकर पसरतो. बॅगेत भारतातून आणलेली अमॉक्सिसिलिनची स्ट्रिप असते. तीन दिवस घेतात, ठणका कमी होतो, स्ट्रिप परत बॅगेत जाते.

यांतला प्रत्येक निर्णय त्या दिवशी समजूतदार वाटतो. डेमॉन्टेच्या घरातला प्रत्येक निर्णयही तसाच होता, आणि तिथे तर दुसरा पर्यायही नव्हता. अ‍ॅशबर्नमधल्या बहुतेक घरांना तो आहे. म्हणून खालच्या वेळा माहीत असायला हव्यात.

पहिली ३० मिनिटं

पडून, आपटून किंवा खेळताना पक्का दात मुळासकट निखळला तर वेळ मिनिटांत मोजायची. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याखाली काही सेकंद धुवायचा. घासायचा नाही, कागदात गुंडाळायचा नाही. माणूस शुद्धीवर असेल तर दात लगेच जागेवर बसवायचा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवायचा आणि निघायचं. मुळावरच्या जिवंत पेशी कोरड्या हवेत तासाभराहून जास्त टिकत नाहीत. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवायचा नाही, कारण आत वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. दंतवैद्याला मात्र दाखवायचंच.

पहिले २४ तास

ठणका आहे, सूज नाही, ताप नाही. त्याच दिवशी दंतवैद्याला फोन करायचा. दवाखाना बंद असेल तर उत्तरयंत्रावर बहुधा तातडीच्या वेळेचा नंबर सांगितलेला असतो. तो शेवटपर्यंत ऐकायचा. वेदनाशामक वयाप्रमाणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायची नाही, तिने हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाने बधिरता येते, कीड जात नाही. दुखणं आपोआप थांबलं तरी घेतलेली वेळ रद्द करायची नाही.

त्याच दिवशी

हिरडी किंवा गाल सुजला आहे, चावताना दात उंच लागतो, तोंडाला घाण चव येते. पू झाल्याची ही लक्षणं आहेत. पुढच्या आठवड्याची वेळ पुरेशी नाही. आपला दंतवैद्य भरलेला असेल तर त्यानेच दुसऱ्याचं नाव द्यावं, असा आग्रह धरायचा. विमा नसेल तर अ‍ॅशबर्नजवळच्या लीसबर्गमधल्या 'हेल्थवर्क्स फॉर नॉर्दर्न व्हर्जिनिया' या सामुदायिक आरोग्य केंद्रात दातांचा विभाग आहे. अशा केंद्रांत उत्पन्नाप्रमाणे शुल्क आकारलं जातं.

त्याच तासाला

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे पसरते आहे. तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही. गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला आहे. ताप आहे, थंडी वाजते आहे. डोकं जोरात दुखतंय, मान आखडली आहे, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो आहे. यांतलं काहीही असेल तर इमर्जन्सीत जायचं. श्वासाला त्रास होत असेल तर ९११ ला फोन करायचा. १९८६ च्या संघीय कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला रुग्णाचा विमा किंवा पैसे न पाहता तपासणी करावी लागते आणि जिवाचा धोका असेल तर स्थिर करावं लागतं. बिल नंतर येतं. ते मोठं असतं, आणि त्याबद्दल रुग्णालयाशी बोलता येतं.

तिथून औषधं घेऊन घरी सोडलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. रुग्णालयातून निघण्याआधीच विचारायचं की या दाताचं पुढे कोण करणार आणि कधी. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी दंतवैद्याकडे जायचं. डेमॉन्टेला ११ जानेवारीला औषधं मिळाली होती.

९८ दिवस

५ ऑक्टोबर ते ११ जानेवारी. या ९८ दिवसांत कुणी हलगर्जीपणाने झोपून राहिलं होतं असं नाही. आई फोन करत होती, वकील फोन करत होत्या, दंतवैद्याने एक्स-रे काढला होता, शल्यचिकित्सकाने आपल्याकडची पहिली मोकळी तारीख दिली होती. प्रत्येकाने आपल्यापुरतं केलं. दात ही थांबू शकणारी गोष्ट आहे, असं सगळ्या व्यवस्थेने धरलं होतं, आणि तारखा त्या हिशेबाने दिल्या गेल्या.

आणखी एक गोष्ट त्या ९८ दिवसांत करता आली असती. धाकट्यासाठी मिळवलेल्या त्या एका खुर्चीत थोरल्यालाही बसवून पाच मिनिटं पाहता आलं असतं. ते त्या आईचं काम नव्हतं. सहा किडके दात असलेल्या मुलाला कसंबसं डॉक्टरपर्यंत आणणाऱ्या बाईला, घरात आणखी मुलं आहेत का, हे विचारणं व्यवस्थेचं काम होतं.

ज्या घरात एका मुलाचा दात सडला आहे तिथे बाकीच्यांची तोंडंही त्याच आठवड्यात तपासून घ्यावीत. आजी-आजोबा आले असतील तर त्यांचीही. फोन लावल्यावर आधी सूज आणि ताप सांगावा, विम्याचं नाव नंतर. आज वेळ नाही असं उत्तर आलं तर आज बघणाऱ्या दुसऱ्या दंतवैद्याचं नाव मागावं, आणि ते मिळेपर्यंत फोन ठेवू नये.